चिलटांच्या आरएनएवर पीएचडी करून पुढे काय? पिंपळगावच्या एका वडिलांना उत्तर

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नाशिकला एमएस्सी प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत पुण्याच्या एका प्रयोगशाळेत राहून आली आणि आता म्हणते, पीएचडीच करायची, तीही फळांवरच्या चिलटांमधल्या ‘नॉनकोडिंग आरएनए’वर. घरचे म्हणतात बीएड कर, नाहीतर एमपीएससीचा क्लास लाव. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं की नॉनकोडिंग म्हणजे ज्यातून काही तयार होत नाही ते. मग त्यावर पोरीने उमेदीची वर्षं का घालवायची, यात स्कोप किती, आणि ती पुढेमागे नाशिकला परत येऊ शकेल का?

मी मूळची नाशिकची, पंचवटीत वाढले, बीएस्सीपर्यंत तिथेच शिकले. पीएचडी आणि नंतरचं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची उमेदवारी, बाहेर केलं. आता पुण्यात आहे आणि बरीच वर्षं माशीच्या आरएनएवरच काम करते. म्हणजे मी काही तटस्थ पंच नाही, हे आधी सांगून ठेवते.

भाऊ, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, हा विषय पोकळ आहे का? दुसरा, विषय कितीही भारी असला तरी तिशीला पोहोचल्यावर मुलगी रिकाम्या हाताने घरी बसणार नाही ना? पहिल्याचं उत्तर मी ठामपणे देऊ शकते. दुसऱ्याचं उत्तर परिस्थितीवर आहे, पण कोणकोणत्या परिस्थितीवर ते सांगता येतं. आणि माझ्या मते आज तुम्हाला मुलीच्या पुढच्या बारा वर्षांचा निर्णय घ्यायचाच नाहीये. पुढच्या सहा-आठ महिन्यांचा घ्यायचा आहे. तिकडे शेवटी येते.

आधी माशी. तुम्ही कारल्याच्या मांडवात किंवा आंब्याला सापळे लावता ती फळमाशी वेगळी, आकाराने मोठी आणि खरोखर नुकसान करणारी. आमची ड्रोसोफिला म्हणजे पिकून कुजायला लागलेल्या फळाभोवती घोंघावणारं बारकं चिलट. हंगामात वायनरीच्या मागे चोथ्याचा ढीग पडतो त्यावर थवेच्या थवे दिसतात, तेच. ती खाते प्रामुख्याने फळावरचं यीस्ट. २५ अंश तापमानात अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला जेमतेम दहा दिवस लागतात, गुणसूत्रांच्या जोड्या फक्त चार, आणि माणसात ज्या जनुकांच्या बिघाडाने आजार होतात त्यांतल्या साधारण तीन चतुर्थांश जनुकांची भावंडं तिच्यात सापडतात. १९१० मध्ये थॉमस हंट मॉर्गन या अमेरिकन शास्त्रज्ञाला लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर दिसला, तेव्हापासून शंभराहून जास्त वर्षं जगभर या माशीवर काम चालू आहे. त्यामुळे माशीवर पीएचडी केली म्हणजे किडे मोजले, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

आता नॉनकोडिंग. डीएनएची प्रत काढून आरएनए बनतो आणि त्या आरएनएवरून प्रथिन बनतं, हे बारावीच्या पुस्तकात आहे. पण कितीतरी आरएनए असे आहेत की ते प्रथिनाचा निरोप घेऊन जात नाहीत, स्वतःच कामाला लागतात. ‘काही तयार होत नाही’ हे त्या प्राध्यापकांचं म्हणणं म्हणून अर्धं बरोबर. प्रथिन तयार होत नाही, काम होतं.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण तुमची मुलगी नेमकी कशाच्या प्रेमात पडली आहे ते त्यातून कळेल. मादी माशीत एक्स गुणसूत्रं दोन असतात, नरात एकच. हिशेबाने एक्सवरच्या प्रत्येक जनुकाचा माल नरात निम्मा निघायला हवा. तसं होत नाही. १९६५ मध्ये ए. एस. मुखर्जी आणि वोल्फगांग बीअरमान यांनी अळीच्या लाळग्रंथीतल्या जाडजूड गुणसूत्रांवर दाखवलं की नराचा एकुलता एक एक्स मादीच्या दोन्ही एक्सइतका आरएनए बनवतो. म्हणजे तो दुप्पट राबतो. हे मुखर्जी पुढे कलकत्ता विद्यापीठात होते; आपल्याकडे या विषयाची मुळं इतकी जुनी आहेत. पण एक्सला राबवतं कोण? यात प्रथिनांचा एक जथा असतो हे हळूहळू कळलं, आणि १९९७ मध्ये दोन गटांनी रॉक्स-१ आणि रॉक्स-२ नावाचे दोन आरएनए पुढे आणले. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. ते त्या जथ्याला धरून नराच्या एक्सवर ठिकठिकाणी जाऊन बसतात. दोन्ही काढून टाका, जवळपास सगळे नर मरतात आणि माद्यांना ढिम्म काही होत नाही.

गंमत पुढे आहे. दोनांपैकी एकच काढला तर नरही मजेत जगतात. नुसता रॉक्स-१ काढून बसलेल्या विद्यार्थ्याला वाटणार, हे जनुक निकामी आहे. या क्षेत्रात ही वेळ वारंवार येते. मेहनतीने जनुक काढून टाकायचं आणि माशी जणू काही झालंच नाही अशी उडत राहते. मग तिला उपाशी ठेवून बघा, उष्णतेत ठेवून बघा, म्हातारी होईपर्यंत थांबा, जोडीचं दुसरं जनुक शोधा. कधी त्यातून उत्तर निघतं, कधी तीन वर्षांनीही निघत नाही. मुलीला हे माहीत आहे का, तेवढं विचारा.

दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं. १९६२ मध्ये रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाला इनक्युबेटरचं तापमान वाढल्यामुळे माशीच्या गुणसूत्रांवर नव्या जागी फुगवटे आलेले दिसले. म्हणजे उष्णतेने काही जनुकं एकदम जोरात चालू होतात. त्यांतल्या ९३डी या जागेवरच्या जनुकातून आरएनए ढिगाने निघतो, पण बाकीच्या उष्णता-जनुकांसारखं प्रथिन काही निघेना. जगाचं लक्ष प्रथिनांवर होतं. बनारस हिंदू विद्यापीठात एस. सी. लखोटिया यांनी मात्र १९७० च्या दशकापासून या एका जागेचा पाठपुरावा सोडला नाही. आज त्या आरएनएला एचएसआर-ओमेगा म्हणतात. पेशीच्या केंद्रकात तो काही विशिष्ट प्रथिनांना गोळा करून ठिपक्यांच्या रूपात धरून ठेवतो. मेंदूच्या पेशी झिजवणाऱ्या काही आजारांची नक्कल माशीत करता येते, आणि तिथे हा आरएनए कमी केला तर झीज कमी होते, हेही त्यांच्याच गटाने दाखवलं.

ही गोष्ट विद्यार्थ्यांना प्रेरणा म्हणून सगळेच सांगतात. मी तिला एक पुस्ती जोडते. लखोटिया विद्यापीठाच्या पक्क्या नोकरीत होते. महिन्याचा पगार चालू असताना एका जनुकामागे चार दशकं लावता येतात. पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या हातात पाच-सहा वर्षं असतात आणि त्यात काहीतरी छापून आणावं लागतं. तेव्हा चिकाटीचं कौतुक करताना ती चिकाटी कुणाच्या पैशावर चालली होती, हेही बघावं.

आणि कधीकधी पाटीच बदलते. माशीतलं एक जनुक नॉनकोडिंग म्हणून ठरलं होतं. २००७ मध्ये कळलं की त्यातून अवघ्या ११ अमिनो आम्लांचे चिमुकले तुकडे बनतात आणि माशीचा पाय नीट घडायला तेच लागतात. इतकी लहान प्रथिनं शोधायची कुणाला सवयच नव्हती. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते की स्वतःची ओळख ‘मी नॉनकोडिंगवाली’ अशी करू नका. मला आरएनए स्वच्छ काढता येतो, मोजता येतो, पेशीत तो कुठे आहे ते रंगवून दाखवता येतं, सिक्वेन्सिंगचा, म्हणजे आरएनएची अक्षरं वाचून मिळालेला, डेटा मी स्वतः चाळते, माशीत हवा तो बदल घडवून आणते, अशी करा. विषय पुढे बदलणारच आहे. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मायक्रोआरएनएच्या, म्हणजे अगदी चिमुकल्या नॉनकोडिंग आरएनएच्या, शोधाला मिळालं, त्यातला पहिला रेणू १९९३ मध्ये एका कृमीत सापडला होता आणि २००० पर्यंत बहुतेकांनी ती त्या कृमीचीच खासियत समजली होती. कुठल्या विषयाचे दिवस कधी येतील हे आम्हालाही कळत नाही.

इथवर पहिल्या प्रश्नाचं झालं. विषय पोकळ नाही, पण आंधळा विश्वास ठेवून उडी मारावी असाही नाही.

आता रोजचं काम, कारण करिअर म्हणजे शेवटी तेच. माश्या बाटल्यांत असतात. त्यांचं खाणं म्हणजे मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि आगर शिजवून केलेली खीर, बुरशी येऊ नये म्हणून त्यात थोडं प्रोपिऑनिक आम्ल. बाटलीला कापसाचा बोळा. संकर करायचा तर कुमारी माद्या लागतात, कारण मादी एकदा मिलन झालं की नराचं बीज साठवून ठेवते आणि मग पिल्लं कोणाची हे सांगता येत नाही. २५ अंशांत कोशातून बाहेर आल्यावर साधारण आठ तास मादी नराला जवळ येऊ देत नाही. म्हणून सकाळी बाटलीतल्या सगळ्या माश्या काढून टाकायच्या आणि दुपारी नव्याने निघालेल्या गोळा करायच्या. कार्बन डायऑक्साइडने त्यांना गुंगवायचं, पांढऱ्या पॅडवर पसरायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने एकेक वेगळी करायची. नराच्या पुढच्या पायावर काळा कंगवा असतो. कोवळी मादी फिकट असते आणि तिच्या पोटात गडद ठिपका दिसतो. एक नर नजरेतून सुटला की अख्खी बाटली वाया. रविवार, दिवाळी, मावसबहिणीचं लग्न, माशीला काही फरक पडत नाही.

आरएनएचं दुखणं वेगळं. तो टिकत नाही. आपल्या बोटांवर, श्वासात, टेबलावर त्याला खाऊन टाकणारी विकरं असतात. हातमोजे घालून काम करताना मध्येच चष्मा सावरला तर मोजे बदलायचे. नमुना बर्फावर, मग उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये. भारनियमन आणि बंद पडलेला जनरेटर एकत्र आले की महिन्यांचं काम विरघळतं. याचा कंटाळा न येता उलट यात रमणारी मुलं असतात, आणि हुशार असूनही तीन महिन्यांत वैतागणारी मुलंही असतात. यात कमी-जास्त कुणी नाही, पण हे एकदा कळलेलं बरं.

नाशिकच्या कॉलेजांत हे करता येतं का? थोडंफार येतं. लाळग्रंथीची गुणसूत्रं ऑर्सिनने रंगवून बघायला माश्या, दोन सुया आणि बरा सूक्ष्मदर्शक पुरतो. आड येतं ते हवामान. निफाडकडच्या थंडीत खोलीवर ठेवलेल्या माश्यांची पिढी तीन-तीन आठवडे रेंगाळते आणि एप्रिल-मे मध्ये तीस अंशांच्या वर नर वांझ होऊ लागतात, बाटल्या ओस पडतात. चालू स्थितीतला एक बीओडी इनक्युबेटर, म्हणजे तापमान एकसारखं ठेवणारी पेटी, असला तर वर्षभर माश्या टिकतात. तिच्या विभागात तो आहे का, की कोपऱ्यात कपाट झालाय, ते तिला माहीत असेल.

आता पैसा आणि वय. एमएस्सी झाली की राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा: सीएसआयआर-यूजीसी नेट, गेट, डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) परीक्षा, किंवा मुंबईची टीआयएफआर आणि बेंगळुरूची एनसीबीएस या संशोधन संस्थांची सामाईक परीक्षा. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००, वर घरभाडं. २०२३ पासूनचे हे दर आहेत. पीएचडीचे पैसे तुम्हाला भरायचे नसतात, तिलाच मिळतात, हे घरच्यांना नीट सांगा. बऱ्याच नातेवाइकांना वाटतं की अजून सहा वर्षं फी भरायची आहे. जेआरएफ नाही मिळाली तरी राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. कोणती लागू होते ते प्रवर्गावर आहे आणि नियम वर्षागणिक बदलतात. एखाद्या प्रकल्पावर नेमणूक हाही मार्ग आहे, पण प्रकल्प संपला की पगार संपला. आणि फेलोशिप काही महिने तुंबणं हे सर्रास होतं. अशा वेळी भाडं भरायला घरून हात देता येईल का, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायचा आहे, मुलीला नाही.

पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा, म्हणजे वय २८-२९. स्वतःची प्रयोगशाळा हवी असेल तर त्यापुढे पोस्टडॉक, बहुधा परदेशात, तीन ते पाच वर्षं. मग पस्तिशीच्या आसपास आयसरसारखी केंद्राची विज्ञान संस्था, विद्यापीठ किंवा राष्ट्रीय संस्थेत अर्ज. तिथे जागा थोड्या, उमेदवार भरपूर. पीएचडी झालेल्यांपैकी बहुतेक जण तिथे पोहोचत नाहीत आणि हे पहिल्या दिवशीच माहीत असावं.

बाकीचे काय करतात? माझ्याबरोबरची आणि माझ्या हाताखालून गेलेली माणसं बघते तर कुणी हैदराबाद-बेंगळुरूला औषध कंपन्यांत, कुणी सिक्वेन्सिंगचा डेटा बघणारं, कुणी पेटंटच्या कामात, कुणी कॉलेजात. आरएनए हाताळता येणाऱ्या माणसाला आज दहा वर्षांपूर्वीपेक्षा जास्त दारं आहेत. आरएनए-हस्तक्षेप (आरएनएआय) या यंत्रणेने जनुकाचा आवाज बंद करणारं पहिलं औषध, पॅटिसिरान, अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. पुण्याच्याच जेनोव्हाच्या एमआरएनए लशीला २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. तुम्हाला जवळचं म्हणजे फवारणी: बटाट्यावरच्या एका भुंगेऱ्याचं जनुक बंद पाडणारं आरएनएचं कीटकनाशक अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मंजूर झालं. ज्या यंत्रणेवर ते चालतं तिचा बराच अभ्यास माशीत झालेला आहे. या नोकऱ्या नॉनकोडिंग आरएनएचं ज्ञान आहे म्हणून मिळत नाहीत, त्या मघाशी सांगितलेल्या हातच्या कौशल्यावर मिळतात. त्यात संगणकाची बाजू, म्हणजे लिनक्स, आर, पायथन, कच्ची राहिली तर आजकाल अडतं.

नाशिकला परत येण्याबद्दल गोड बोलत नाही. या विषयाची संशोधन संस्था नाशिकमध्ये नाही. सातपूर-अंबडला औषध कारखाने आहेत, पण तिथलं काम उत्पादनाचं आणि गुणवत्ता तपासणीचं, त्यासाठी पीएचडी लागत नाही. राहतं कॉलेजातलं अध्यापन. नेट किंवा सेट असेल तर पात्रता येते, पण अनुदानित जागा भरल्या जाण्याची वाट अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवत वर्षानुवर्षं बघतात. तिला नाशिकातच राहायचं असेल, आणि ते तिचं स्वतःचं म्हणणं असेल, तर पीएचडीपेक्षा बीएड शहाणपणाचं ठरेल. पुणे-मुंबई चालणार असेल तर चित्र वेगळं आहे. आयसर, आघारकर संशोधन संस्था, टीआयएफआर, विद्यापीठं सगळी एका दिवसाच्या अंतरात आहेत.

लग्नाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ओळींच्या मागे दिसलं. माझ्या पाहण्यात पीएचडी लग्नामुळे अडली नाही, रात्री आठला लॅबमधून येणाऱ्या सुनेला सांभाळून न घेणाऱ्या घरामुळे अडली. एवढंच बोलते.

आता सहा-आठ महिन्यांचं. विषयापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा, हे मी नावं न घेता पण अनुभवाने सांगते. चांगल्या विषयावर वाईट माणसाखाली पीएचडी सोडून गेलेली मुलं मी पाहिली आहेत. दोन महिन्यांत लॅबची फक्त चांगली बाजू दिसते. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प तिने माश्यांच्या लॅबमध्ये करावा, जमल्यास पुण्याच्याच त्या प्रयोगशाळेत. तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना, शक्यतो सोडून गेलेल्यांना, तिने फोन करावा: किती वर्षं लागली, पेपरवर नाव कुणाचं कुठे लागलं, प्रयोग फसला की सर किंवा मॅडम काय म्हणतात, सुट्टी मागितली की काय होतं. तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आहे, तिचे अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास निघतात, तोही भरावा, म्हणजे दुसरी एखादी लॅब बघून होईल. दुसऱ्या वर्षाला असतानाच नेट देता येते, डिसेंबरच्या सत्राची तयारी आतापासून करावी.

प्रकल्प संपेपर्यंत तिला कुमारी माद्या निवडून निवडून वैताग आलेला असेल आणि तरीही सोमवारी सकाळी बाटल्या बघायची घाई असेल, तर पाठवा. ती स्वतःच म्हणाली की हे माझं नव्हे, तर काही बिघडलं नाही. बीएडची सीईटी दर वर्षी होते, पुढच्या वर्षीची देता येईल.